हलगी फाटते, पण टीव्ही गेम वाजत नाही

ड्रम सॅम्पलला (म्हणजे रेकॉर्ड केलेल्या एकेका ठोक्याला) जुन्या गेम कन्सोलचा आवाज द्यायला बसलेला प्रत्येक जण या खड्ड्यात पडतो. मी तर वर्षभरात चार वेळा पडलो, म्हणून हे एकदाचं लिहून ठेवतोय.

तक्रार अशी असते. चांगली रेकॉर्ड केलेली हलगी, ढोलकी किंवा ड्रमसेटचा साधा किक-स्नेअर घ्यायचा, त्यावर बिटक्रशर (आवाजाच्या उंचीच्या पायऱ्या, म्हणजे बिट, मुद्दाम कमी करणारा इफेक्ट) लावायचा, नॉब फिरवायचा. आवाज खराब होतो, हे खरं. पण लहानपणी कॅसेटला फुंकर मारून लावायचो त्या टीव्ही गेमसारखा तो होत नाही. लग्नाच्या वरातीतला फाटका भोंगा वाजतोय असं वाटतं. माझा पहिला नमुना ऐकून आमच्या सोलापुरातल्या अशोक चौकातला मित्र म्हणाला, "काय बे, हलगी फाडलास की." त्याचं बरोबर होतं.

खाली लक्षणं ज्या क्रमाने मला भेटली त्याच क्रमाने दिली आहेत. तुमचं लक्षण शोधा, बाकीचं सोडून दिलं तरी चालेल. फक्त शेपटीच्या खरखरीचा भाग वगळू नका, कारण दुरुस्त केलेलं परत बिघडतं ते तिथूनच.

8 बिट लावलं, तरी काहीच फरक पडला नाही

हा गैरसमज नावातूनच येतो. "8 बिट कन्सोल" यातले 8 बिट प्रोसेसरचे आहेत, आवाजाचे नाहीत. आवाजाला 8 बिट दिले की 256 पायऱ्या मिळतात, आणि जोरात वाजणाऱ्या ढोलाला 256 पायऱ्या भरपूर होतात. म्हणून बिटक्रशर 8 वर ठेवला तर थोडी सरसर ऐकू येते, एवढंच.

आपले टीव्ही गेम बहुतेक ज्याची नक्कल होते, त्या जपानमध्ये 1983 साली आलेल्या फॅमिकॉम कन्सोलच्या चिपमध्ये आवाजाचे पाच चॅनल होते. दोन पल्स (चौकोनी लहर), एक ट्रँगल (त्रिकोणी लहर), एक नॉइज (नुसता खरखराट), आणि पाचवा रेकॉर्ड केलेल्या सॅम्पलसाठी, ज्याला डीपीसीएम म्हणतात. पल्स आणि नॉइजचा आवाज 16 पायऱ्यांतच कमी-जास्त होतो, म्हणजे 4 बिट. ट्रँगलला तर आवाजाची पातळीच नाही. चालू किंवा बंद. तेव्हा बिटक्रशर 4 ते 5 च्या आसपास आणा. तिथे आलात की पुढची लक्षणं सुरू होतील, पण निदान खऱ्या घरात शिरल्यासारखं होईल.

शेपटीत खरखर, आणि तीही दर वेळी वेगळी

मला सगळ्यात जास्त छळलं ते याने.

रेकॉर्डिंग आमच्याकडे पूर्व भागात झालं. ओळखीचे एक हलगीवाले मामा आहेत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत त्यांना जेवायला फुरसत नसते. ते घरी आले, अंगणात कागद पेटवून हलगी शेकली, बोटाने टिचकी मारून बघितली. शेकल्यावर कातडं ताणलं जातं, आवाज चढतो आणि घुमणं कमी होतं. आपल्या कामाला हे फार सोयीचं, कारण कन्सोलला आखूड आणि टणक ठोका लागतो. मी फोन स्टँडवर लावला.

"मामा, एकच ठोका द्या. मग थांबा. मग परत एक."

"एकच ठोका? बाळा, हलगी हाय ही, शाळेची घंटा न्हवं."

तरी त्यांनी दिले. जाड काडीचे वीस, बारीक काडीचे वीस. ऐकायला स्वच्छ. घरी बसून त्यांना 4 बिटवर आणलं आणि प्रत्येक ठोक्याच्या मागे 'खर्र-खट-खर्र' असं काहीतरी उमटायला लागलं. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट) लावला, गेलं. आठवड्याने नवे ठोके घेतले, परत आलं. गेट वाढवला तर ठोक्याचीच मान कापली गेली. प्लगइन बदलले, फोन बदलला, मामांनाही थोडा दोष देऊन झाला.

उलगडा झाला तो लाइट गेल्यामुळे. एका दुपारी ऐन रेकॉर्डिंगमध्ये वीज गेली. फोन बॅटरीवर होता म्हणून मी थांबलो नाही. नेमके त्या दुपारचे ठोके 4 बिटवर स्वच्छ उतरले, शेपटीत काही नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. आयुष्यभर ऐकून आमचे कान त्यांना ऐकतच नाहीत. पण धोट्याचा खटका फोनच्या माइकला ऐकू येत होता. लाइट गेली, माग थांबले, आणि सॅम्पल सुधारलं.

आता यामागचं गणित. 4 बिट म्हणजे उंचीच्या 16 पायऱ्या. पूर्ण आवाजापेक्षा साधारण 24 डेसिबल खाली गेलेलं सगळं शेवटच्या अर्ध्या पायरीच्या आत येतं. तिथे दोनच गोष्टी घडू शकतात. आवाज पायरी ओलांडत नसेल तर शून्य, म्हणजे शांतता. ओलांडत असेल तर थेट एक अख्खी पायरी. मधलं काही नाही. त्यामुळे कानाला न जाणवणारा मागाचा खटका किंवा वायरिंगमधली 50 हर्ट्झची गुणगुण त्या सीमेवर आली, की तिचा मऊ आकार जातो आणि ती चौकोनी होऊन गुरगुरते. बिटक्रशर खरखर तयार करत नाही. रेकॉर्डिंगमध्ये आधीच असलेली घाण तो पायरीवर उचलून ठेवतो.

वर माझी अजून एक चूक होती. ठोका दमदार व्हावा म्हणून मी आधी कॉम्प्रेसर लावत होतो. कॉम्प्रेसर मोठं दाबतो, मग सगळं मिळून वर उचलतो. म्हणजे मागाचा खटका मी स्वतःच्या हाताने पंधरा-वीस डेसिबल वर आणून बिटक्रशरच्या तोंडी देत होतो.

आता मी हे करतो, आणि याच क्रमाने. ठोका सुरू होतो तिथे अगदी चिकटून कापायचं, आधीची शांतता ठेवायची नाही. शेपूट 120 ते 150 मिलिसेकंदांवर तोडायची आणि फेड आउट करून खऱ्या शून्यावर आणायची. मग डीसी ऑफसेट, म्हणजे अख्खी लहर शून्यापासून वर किंवा खाली सरकलेली असणं, काढायचा. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉर्मलाइझच्याच खिडकीत त्याची खूण असते. हा ऑफसेट राहिला तर सगळी शांतता पायरीच्या कडेवर बसते आणि जरा धक्का लागला की गुरगुरते. मग 60 हर्ट्झच्या खालचं कापायचं. त्यानंतर हवा असेल तर कॉम्प्रेसर. बिटक्रशर सगळ्यात शेवटी. त्याच्या पुढे काहीही नाही, रिव्हर्ब तर नाहीच. क्रश केल्यावर रिव्हर्ब दिला तर कन्सोल मंगल कार्यालयात ठेवल्यासारखा वाजतो.

लॅपटॉपच्या चार्जरमधून गुणगुण येत असेल तर चार्जर काढून रेकॉर्ड करा. अर्थिंगचा प्रश्न प्लगइनने सुटत नाही. आणि कोणाकडून ठोके मागवले तर चॅटवर व्हॉइस नोट म्हणून घेऊ नका, वेव्ह फाईल डॉक्युमेंट म्हणून मागा. व्हॉइस नोटमध्ये कापाकापी आधीच झालेली असते.

खरखर नाही, पण एकसारखी पावसासारखी सरसर

हा डिदर. बिट कमी करताना बरीच सॉफ्टवेअरं न विचारता बारीकसा नॉइज मिसळतात, पायऱ्या कानाला टोचू नयेत म्हणून. संगीताची सीडी करणाऱ्याला ते हवं असतं. आपल्याला पायऱ्याच ऐकायच्या आहेत. ऑडॅसिटीत प्रेफरन्सेसच्या क्वालिटी भागात डिदर आहे, तो 'नन' करा. विषय संपला.

सोलापुरी चादरीत गुंडाळलेली हलगी

सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) कमी केला आणि ठोका मऊ, दबका, चादरीखालून आल्यासारखा झाला. चादर आपल्या गावची असली तरी इथे नको आहे.

सॉफ्टवेअरमध्ये 44100 वरून 11025 वर 'रीसॅम्पल' केलं की ते आधी नव्या रेटच्या अर्ध्यावरचे, म्हणजे साडेपाच हजार हर्ट्झच्या वरचे सगळे स्वर गाळतं. नियमाने ते बरोबर आहे. परत वाजवताना दोन नमुन्यांच्या मधली जागा गुळगुळीत भरतं, तेही नियमाने बरोबर. पण जुन्या स्वस्त यंत्रांत इतकी निगुतीची चाळण नसायची. एक किंमत आली की पुढची येईपर्यंत ती तशीच धरून ठेवायची, आवाजाचा आलेख जिन्यासारखा दिसायचा. त्या जिन्याच्या कोपऱ्यांतून वरच्या पट्टीत जी खोटी चमक येते, तीच आपण 'गेमचा आवाज' म्हणून ओळखतो.

म्हणून रीसॅम्पल वापरू नका. बिटक्रशरमध्ये 'डाउनसॅम्पल' किंवा 'सॅम्पल अँड होल्ड' नावाचा नॉब असतो, तो वापरा. 44100 ला 2, 4 किंवा 8 ने भागा, म्हणजे प्रत्येक पायरी सारख्या लांबीची पडते. अधल्यामधल्या आकड्यांवर पायऱ्या लहान-मोठ्या होतात आणि चमकेच्या जागी करकर येते. हलगीच्या बारीक काडीला मी 4 ने भागतो, जाड काडीला 8 ने.

खऱ्या चिपच्या फॉर्मॅटमध्ये टाकलं, तर तडाखाच गेला

वैतागून काही जण थेट फॅमिट्रॅकर, फॅमिस्टुडिओ किंवा फर्नेस ही कन्सोलच्या चिपचं संगीत बनवायची सॉफ्टवेअरं उघडतात. तिन्ही फुकट आहेत. तिथे वेव्ह फाईल डीपीसीएममध्ये बदलता येते. मीही तेच केलं. जाड काडीचा 'धूम' मस्त आला, बारीक काडीचा 'तड' मात्र 'थप' झाला.

डीपीसीएमचा हिशेब ऐकला की कारण कळतं. तो आवाजाची उंची लिहीतच नाही. दर वेळी एकच बिट लिहितो: वर जा किंवा खाली जा. एकूण 0 ते 127 अशी उंची, आणि एका बिटाला 2 ची चढण किंवा उतरण. जागेवर थांबण्याची सोय नाही. अमेरिका-जपानच्या मशीनवर सगळ्यात वेगवान रेट सेकंदाला सुमारे 33144 बिटांचा. या वेगाने तळातून माथ्यावर जायला जवळपास 2 मिलिसेकंद लागतात. म्हणजे पूर्ण उंचीची साइन लहर साधारण 167 हर्ट्झपर्यंतच नीट लिहिता येते. हजार हर्ट्झची लहर हवी असेल तर तिची उंची सहाव्या भागावर आणावी लागते. हलगीच्या तडाख्याचा जीव तर त्याहून वर, दोन-तीन हजारांच्या पट्टीत असतो. चिपचे पाय तेवढे पळतच नाहीत, म्हणून चढणीच्या अर्ध्यातूनच ती खाली वळते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला: टाकण्याआधी सॅम्पलचा तळ कमी करा आणि एकूण आवाज जरा खाली आणा. मोठी संथ लहर चिपचा सगळा वेग खाऊन टाकते. ती हलकी झाली की वरच्या बारकाव्याला वाव मिळतो. दुसरा उपाय मला जास्त पटतो: तडाखा डीपीसीएमवर लादूच नका. ठोक्याचं धड, म्हणजे जाड भाग, डीपीसीएममध्ये ठेवा आणि 'तड' नॉइज चॅनलला द्या. त्या काळचे लोक बहुतेक वेळा हेच करत होते, किंवा सॅम्पलच वापरत नव्हते. 1985 च्या पहिल्या सुपर मारिओत ताल धरणारा आवाज नुसता नॉइज चॅनलचा आहे.

लांबीचीही अट आहे. एक सॅम्पल जास्तीत जास्त 4081 बाइटचं, म्हणजे सर्वोच्च रेटला एक सेकंदाला थोडं कमी. हलगीच्या ठोक्याला हे पुरून उरतं. संबळाचा अख्खा तोडा त्यात कोंबायचा हट्ट मी केला होता. करू नका.

इथली दोन किरकोळ लक्षणं पटकन सांगतो. ठोका संपताना 'टक' होत असेल तर सॅम्पल जिथून सुरू झालं त्या उंचीवर संपत नाहीये. चिपचा काटा, म्हणजे तिची चालू उंची, आहे तिथेच अडकून राहतो आणि पुढच्या ठोक्याला उडी मारतो. फेड आउट केल्यावर शेवटी थोडी शांतता ठेवली की काटा मध्यावर येतो. आणि शेवटी बारीक शिट्टी येत असेल तर रेट फार खाली आहे. डीपीसीएमला थांबता येत नाही, म्हणून शांतता त्याला वर-खाली-वर-खाली अशीच लिहावी लागते, आणि त्याचा स्वर रेटच्या अर्ध्यावर पडतो. 33144 ला तो साडेसोळा हजार हर्ट्झवर जातो, आपल्या वयात कोणाला ऐकू येतोय. 8363 ला मात्र तो चार हजारांच्या वर येतो आणि डास कानाशी आल्यासारखा छळतो. शेपूट आखूड करा.

सगळं जमलं, तरी 'तो' आवाज नाही

इथे दोष सॅम्पलचा नाही. गेममधले ढोल बहुतेक वेळा रेकॉर्ड केलेले नसतातच, जागच्या जागी बनवलेले असतात. म्हणून माझा सल्ला असा की क्रश केलेली हलगी खाली बारीक ठेवा आणि तिच्यावर हाताने बनवलेला ठोका चढवा.

किकसाठी ट्रँगल घ्या. स्वर दोनशे हर्ट्झच्या आसपास सुरू करून पाच-सहा फ्रेममध्ये पन्नासावर पाडा आणि बंद करा. फ्रेम म्हणजे सेकंदाचा 60 वा भाग, सुमारे 16.7 मिलिसेकंद. गेमचं संगीत साधारणपणे दर फ्रेमला एकदाच बदलायचं, म्हणून ही घसरण गुळगुळीत नसते, जिन्यावरून लोटा पडल्यासारखी टप्प्याटप्प्याने येते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती रेघ मऊ काढलीत तर सगळा डाव फसतो.

स्नेअरसाठी नॉइज. आवाजाच्या पायऱ्या 15, 11, 8, 5, 3, 1, 0 अशा, एका फ्रेमला एक. हाय-हॅटसाठी (ड्रमसेटची झांज) तोच नॉइज वरच्या पट्टीत, फक्त दोन फ्रेम. हा नॉइज म्हणजे पावसाची सरसर नव्हे. 15 बिटांचं एक रजिस्टर फिरत राहतं आणि त्यातून खोटा-खोटा गोंधळ बाहेर पडतो. त्याची एक आखूड तऱ्हा आहे, त्यात तोच नमुना 93 पायऱ्यांत परत येतो आणि आवाज पत्र्यासारखा खणखणतो. मामांच्या बारीक काडीवर मी हीच चढवली. हलगीची कड पत्र्याची असते, तिच्याशी तो खणखणाट नात्यातला निघाला.

डीपीसीएम वाजताना ट्रँगल आणि नॉइज दबल्यासारखे वाटले तर घाबरू नका. चिपमधून हे तिन्ही एकाच वाटेने बाहेर पडतात, आणि डीपीसीएमचा काटा वर असला की बाकी दोघांची उंची खरोखरच कमी होते. साध्या सॉफ्टवेअरमध्ये नकल करताना मी किक वाजली की नॉइज दोन-तीन डेसिबल खाली आणतो. कान लगेच फसतो.

सुपर फॅमिकॉम आणि मेगा ड्राइव्ह यांची दुखणी वेगळी, थोडक्यात सांगतो. 1990 च्या सुपर फॅमिकॉममध्ये आवाजासाठी सगळी मिळून 64 किलोबाइट जागा, दर 16 नमुन्यांना 9 बाइट. पूर्ण 32000 च्या रेटला साडेतीन सेकंदांच्या आसपास सगळं संपतं, म्हणून ढोल कमी रेटला ठेवलेले असत. वाजवताना चिप स्वतःच आवाज गुळगुळीत करते, त्यामुळे तिथे चादर खरी आहे; क्रश करायच्या ऐवजी आधी वरची पट्टी थोडी चढवा. मेगा ड्राइव्हचा ढोल 8 बिट, पण सॅम्पल पुरवणारा छोटा प्रोसेसर मधेच अडायचा, म्हणून ठोका किंचित अडखळतो. ती धार हवी असेल तर बिट 8 ठेवा आणि डाउनसॅम्पलचा नॉब हाताने थरथरवा.

मित्राला दाखवलं तर म्हणतो, "आमच्या घरी असा वाजत नव्हता"

तोही खोटं बोलत नसेल. आपल्याकडे नवी पेठेतून किंवा मुंबईहून आलेले टीव्ही गेम बहुतेक नकली फॅमिकॉम होते. त्यातल्या बऱ्याच चिपमध्ये पल्स चॅनलच्या दोन आकारांची अदलाबदल झालेली असायची, म्हणजे लहर वर असण्याचा वाटा 25 टक्क्यांच्या जागी 50 आणि 50 च्या जागी 25. त्यामुळे चाल जरा नाकात गायल्यासारखी यायची. शिवाय आपल्या टीव्हीच्या पद्धतीप्रमाणे 50 फ्रेमवर चालणाऱ्या मशीनमध्ये सगळं जरा संथ. सोलापूरच्या माणसाला 'जुना' वाटायला हवा असेल तर वरचे ठोके 60 ऐवजी 50 च्या फ्रेमने बनवा, म्हणजे एक फ्रेम 20 मिलिसेकंदांची. मी दोन्ही केले, मला 50 चाच घरचा वाटतो.

एक शेवटचं लक्षण राहिलं. लॅपटॉपवर हेडफोनने सगळं छान, पण फोनच्या स्पीकरवर किक गायब. ट्रँगल पन्नास हर्ट्झवर पाडलात तर फोनचा स्पीकर तो दाखवणारच नाही. पाडणं नव्वदावर थांबवा आणि पहिल्या फ्रेमला नॉइजची एक टिचकी द्या. तेवढं करून मी मामांना फाईल पाठवली. त्यांचा फोन आला: "माझी हलगी कुठं हाय ह्यात?" मी म्हटलं, खाली आहे, बारीक. ते म्हणाले, "मग जरा वर घे की." घेतली, तीन डेसिबल.